गेथिनला मोंझात मटका लागला नव्हता

फॉर्म्युला वनच्या चाहत्यांमध्ये एक मत वर्षानुवर्षं फिरतंय: ब्रिटनचा पीटर गेथिन म्हणजे १९७१ साली इटलीतल्या मोंझा ट्रॅकवर मटका लागलेला ड्रायव्हर. त्याआधी काही नाही, त्यानंतर काही नाही. सोबत आकडे फेकले जातात: ३० ग्रां प्री (म्हणजे मुख्य शर्यती), एक विजय, एकूण ११ गुण, त्यातले ९ त्या एकाच दिवसाचे. आकडे खरे आहेत. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र सरळसरळ अन्याय आहे.

आधी मटक्याचं बघू. ५ सप्टेंबर १९७१ ला मोंझात वेग तोडणारी शिकेन नावाची नागमोडी वळणं नव्हती. गाड्या एकमेकींच्या स्लिपस्ट्रीममध्ये, म्हणजे पुढच्या गाडीमागे हवेचा विरोध कमी असतो त्या पट्ट्यात, घोळक्यानं पळत होत्या आणि आठ जणांनी आलटून पालटून आघाडी घेतली. ख्रिस अ‍ॅमनच्या हेल्मेटची काच उडाली आणि तो मागे पडला, हे गेथिनचं नशीब. पण ते त्याच्याशी झुंजणाऱ्या पीटरसन, सेव्हेर, हेलवूड आणि गॅन्लीचंही तेवढंच नशीब होतं! शेवटच्या फेरीत पॅराबोलिका वळणावर उशिरा ब्रेक मारून आतल्या बाजूनं गाडी घातली ती गेथिननं. वळणातून बाहेर पडताना त्यानं आपल्या बीआरएम गाडीचं व्ही-१२ इंजिन नेहमीच्या मर्यादेपलीकडे ताणलं. अकराव्या क्रमांकावरून सुरुवात केलेला माणूस पीटरसनच्या ०.०१ सेकंद आधी रेषेवर पोचला. पाचवा गॅन्लीसुद्धा फक्त ०.६१ सेकंद मागे होता. ताशी २४२.६ किलोमीटर ही त्या शर्यतीची सरासरी. सर्वात वेगवान ग्रां प्रीचा हा विक्रम २००३ पर्यंत कुणाला मोडता आला नाही.

काही जण म्हणतात, रेषेवर हात उंचावून त्यानं वेळ नोंदवणाऱ्यांना गंडवलं. हात त्यानं उंचावला होताच. पण त्या वेगात ०.०१ सेकंद म्हणजे साधारण दोन फूट, आणि हात वर केल्यानं गाडी दोन फूट पुढे जात नाही.

‘त्याआधी काही नाही’ हे तर साफ चूक. १९६९ आणि १९७० अशी लागोपाठ दोन वर्षं ब्रिटनमधली फॉर्म्युला ५००० (फॉर्म्युला वनच्या खालचा वर्ग) मालिका त्यानं जिंकली. १९७० मध्ये ड्रायव्हर आणि संघमालक ब्रूस मॅक्लारेनचं निधन झाल्यावर त्याच्या संघानं गेथिनला गाडी दिली ती उगाच नाही.

आणि नंतरचं? फॉर्म्युला वनचा तक्ता सोडून जरा बाहेर बघा. १९७२ साली फॉर्म्युला टू या खालच्या वर्गात फ्रान्समधल्या पो इथली ग्रां प्री त्याचीच. मार्च १९७३ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रँड्स हॅचच्या रेस ऑफ चॅम्पियन्सला, म्हणजे जगज्जेतेपदाच्या गुणांत न धरल्या जाणाऱ्या शर्यतीला, तो शेव्हरॉनची फॉर्म्युला ५००० गाडी घेऊन उतरला. समोर फॉर्म्युला वनच्या गाड्या. पुढचे काही जण बाद झाले हे खरं, पण शर्यत संपवणाऱ्यांत १९६७ चा जगज्जेता डेनी हल्म होता आणि तो गेथिनच्या मागे, दुसरा आला. तिसरा जेम्स हंट. फॉर्म्युला ५००० च्या गाडीनं फॉर्म्युला वनला अशी मात दिली. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधली टास्मन मालिकाही गेथिननंच जिंकली.