रजा मेहेरबानी नाही आणि विमा हक्क नाही: एका फॉरवर्डला उत्तर

‘नोकरी करणाऱ्या गरोदर महिलांनी हे वाचाच’ असा एक लांबलचक मेसेज ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. त्याचा सारांश असा: नोकरीला वर्ष झालं नसेल तर पगारी मॅटर्निटी लीव्ह मिळत नाही. प्रोबेशनवर किंवा कॉन्ट्रॅक्टवर असाल तर रजा विसराच, कंपनी घरी बसवू शकते. म्हणून पोट दिसेपर्यंत गप्प बसा. खर्चाची मात्र काळजी नको, ऑफिसचा मेडिक्लेम असतोच, आणि नसेल तर आजच एखादी पॉलिसी काढून टाका.

मेसेज लिहिणाऱ्याने रजेला मेहेरबानी समजलंय आणि विम्याला हक्क. आहे नेमकं उलट. रजा कायद्याने मिळते. विमा हा करार आहे, आणि कागदावर जेवढं लिहिलंय तेवढंच तो देतो.

‘वर्ष पूर्ण व्हायला हवं’

नाही. अट 80 दिवसांची आहे. डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या तारखेआधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम झालेलं हवं. कायद्याने मिळणाऱ्या पगारी सुट्ट्याही त्यात धरतात. समजा, एखादी 1 मार्चला रुजू झाली आणि तिची तारीख सप्टेंबरच्या मध्यावर आहे. म्हणजे नोकरी लागली तेव्हाच तिला दिवस गेलेले होते. पाच दिवसांचा आठवडा धरला तरी 80 दिवस 16 आठवड्यांत भरतात, म्हणजे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. प्रसूतीच्या आधी जास्तीत जास्त 8 आठवडे रजा घेता येते. ती जुलैच्या मध्यावर रजेवर गेली तरी हिशेबात बसते.

मग रजा किती? पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे, आणि दोन मुलं हयात असतील तर पुढच्या वेळी 12. गर्भपात झाला तरी 6 आठवड्यांची पगारी रजा आहे, पण त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. हे सगळं 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात आणि त्याच्या 2017 च्या दुरुस्तीत होतं. तो कायदा आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय आणि ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली, पण 80 दिवस आणि 26 आठवडे तेच राहिले.

एक पळवाट खरी आहे. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानाला किंवा छोट्या ऑफिसला ही तरतूद लागू होत नाही. तिथे काम करणाऱ्या बाईला या मेसेजमधली भीती अनाठायी आहे असं मी सांगणार नाही.

‘कॉन्ट्रॅक्टवाल्यांना काही नाही, काढूनही टाकतात’

दिल्ली महापालिकेतल्या रोजंदारीवरच्या महिलांना हा लाभ द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच सांगितलंय. 2023 मध्ये कंत्राटावर काम करणाऱ्या डॉ. कविता यादव यांच्या खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेलं: कराराची मुदत मध्येच संपली तरी पूर्ण लाभ द्यावा लागेल. प्रोबेशनसाठी वेगळा नियमच नाही, तिथेही 80 दिवसच मोजायचे.

रजेच्या काळात कामावरून काढणं बेकायदा आहे. गरोदर असताना आधीच काढून टाकलं, तरी गंभीर गैरवर्तन सोडलं तर तेवढ्याने लाभ बुडत नाही. हे माहीत असल्यामुळेच काही ठिकाणी काढत नाहीत, गोड बोलून राजीनामा लिहून घेतात. तो कागद मात्र सही करून देऊ नका.

‘पोट दिसेपर्यंत गप्प बसा’

कोणाला कधी सांगायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण प्रसूतीआधीच्या रजेचा पगार गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ मिळायचा असतो, आणि उरलेला बाळंतपणाचा पुरावा दिल्यावर 48 तासांत. गप्प बसलात तर आगाऊ पैसे कोण देणार? ईमेल करा, म्हणजे तारीख आपोआप नोंदली जाते. नोटीस द्यायची राहिली म्हणून हक्क जात नाही, एवढं लक्षात ठेवा.

पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल, तर हे पैसे कंपनीकडून नाही, ती योजना चालवणाऱ्या ईएसआयसीकडून येतात. तिथली अट वेगळी आहे: आधीच्या लागोपाठच्या दोन अंशदान कालावधींत (सहा-सहा महिन्यांचे टप्पे) मिळून किमान 70 दिवसांचं अंशदान, म्हणजे पगारातून कापलेला हप्ता.

‘मेडिक्लेम आहेच’

सगळ्यात महागात पडणारं वाक्य हेच. स्वतः काढलेल्या पॉलिसीचं पुस्तक उघडा आणि ‘एक्सक्लूजन्स’च्या, म्हणजे न मिळणाऱ्या खर्चांच्या पानावर कोड 18 शोधा. विमा नियामकाने सगळ्या कंपन्यांसाठी ठरवून दिलेला हा मजकूर आहे. बाळंतपणाचा खर्च, सिझेरियन आणि गुंतागुंतीची प्रसूती धरून, वगळलेला. अपघाताने झालेला नसेल तर गर्भपातही वगळलेला. गर्भ नळीत वगैरे राहिला, म्हणजे एक्टोपिक, तर मात्र तो या कलमात येत नाही. मॅटर्निटी कव्हर वेगळं घेतलेलं असेल तरच हे कलम मागे पडतं, आणि त्याला बहुतेक पॉलिसींत नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंत वेटिंग पीरियड असतो, म्हणजे तोवर दावा करता येत नाही. दिवस गेल्यावर ‘आजच काढलेली’ पॉलिसी या बाळंतपणाला जवळजवळ कधीच कामाला येत नाही.

ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत हे कव्हर बऱ्याचदा पहिल्या दिवसापासून असतं, पण त्याला मर्यादा असते. विमा तीन लाखांचा आणि मॅटर्निटीची मर्यादा पन्नास हजार असेल, तर नव्वद हजारांच्या सिझेरियनमधले चाळीस हजार खिशातून जातात. एचआरला ‘मॅटर्निटी आहे का?’ एवढंच विचारू नका. नॉर्मलला किती, सिझेरियनला किती, बाळ पहिल्या दिवसापासून कव्हर होतं का, त्याचं नाव किती दिवसांत घालायचं, हे लेखी मागा. बाळाचं नाव घालायची शेवटची तारीख तर आधीच कॅलेंडरवर टाका, कारण बाळंतपणाच्या त्या धांदलीत ती हमखास निसटते. आणि राजीनामा द्यायचाच असेल तर हेही बघा, की नोकरी सुटली की ग्रुप पॉलिसीही सुटते, बहुधा शेवटच्या कामाच्या दिवशीच.