कंपवाताच्या गोळ्या आणि जुगाराचा नाद

ऑनलाइन जुगारावरच्या एका लेखात रमीत पैसे घालवणाऱ्यांना सरळ 'मनाने कच्चे' म्हटलंय, ते वाचून वाईट वाटलं. आमचे मामा नाशिकरोडला राहतात. आयुष्यभर पै पै जपणारा माणूस, टपरीवर चहाचीही उधारी कधी ठेवली नाही. कंपवाताच्या (पार्किन्सनच्या) गोळ्या सुरू झाल्या आणि काही महिन्यांत ते रात्र रात्र मोबाइलवर पत्ते खेळायला लागले. मामी पासबुक भरून घ्यायला बँकेत गेल्या तेव्हा एफडी मोडल्याचं कळलं. घरात नको नको ते बोलणं झालं. शेवटी मेंदूविकारतज्ज्ञांनी उलगडा केला : प्रामिपेक्सोल, रोपिनिरोलसारखी कंपवातावरची औषधं मेंदूत डोपामाइन या रसायनासारखं काम करतात आणि काही रुग्णांचा स्वतःवरचा ताबा सुटतो. कुणी जुगार खेळतं, कुणी वाटेल तशी खरेदी करतं, कुणी खातच सुटतं. डॉक्टरांनी डोस कमी केल्यावर मामा हळूहळू सावरले. (गोळी आपल्या मनाने मात्र बंद करू नका, त्याचा वेगळाच त्रास होतो.)

औषधाचा संबंध नसला तरी जुगाराचा नाद हा आजारच आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये जुगाराला दारूसारख्या व्यसनांच्या गटात घातलं. घरात कुणी अडकलं असेल तर भांडण्याआधी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.