भरतीच्या वेळी तरी त्या थव्यांना बसू द्या

किनाऱ्यावर सुटी घालवताना चार पक्षी निवांत पाहायला मिळावेत, एवढीच माझी अपेक्षा असते. पण वाळूवर विसावलेला थवा दिसला रे दिसला की त्याच्या अंगावर धावत जायचे, तो उडाला की टाळ्या पिटायच्या आणि त्याचा व्हिडिओ काढायचा, हा प्रकार पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आज सकाळी भरती चढत होती. चिखलाचा पट्टा पाण्याखाली गेल्यामुळे चिखलात चरणारे तुतवार आणि चिखले, शिवाय मासे टिपणारे काही सुरय वाळूच्या उंचवट्यावर दाटीवाटीने बसले होते. मी बराच अलीकडे वाळूत पालथा पडून दुर्बिणीतून पाहत होतो. थव्याच्या कडेला एक चिखला एका पायावर उभा होता. चोच पाठीच्या पिसांत खुपसलेली, वाऱ्याने पिसे विस्कटत होती, आणि मधूनच तो एक डोळा किलकिला करून पुन्हा मिटत होता. तेवढ्यात एक कुटुंब आले, वडिलांनी फोन रोखला आणि मुलाला सांगितले, "पळ, उडव सगळ्यांना!" थवा उठला, पाण्यावर दोन फेऱ्या मारून परत बसला, की पुन्हा तेच. चार वेळा! पाचव्या वेळी तो परतलाच नाही. मी हात जोडून विनंती केली, तर उत्तर मिळाले, "पक्षी आहेत, उडणारच ना?"

उडणारच, पण कशाच्या जोरावर? तुतवार आणि चिखले ओहोटीच्या काही तासांत, दिवस असो वा रात्र, उघड्या पडलेल्या चिखलातले किडे आणि शिंपले टिपतात. भरतीत त्यांना बसून राहण्यावाचून गत्यंतर नसते. अंगात साठवलेली चरबी हेच त्यांचे स्थलांतराचे इंधन असते. 2022 मध्ये पाणटिवळा या लांब चोचीच्या किनारी पक्ष्याचे अवघ्या पाच महिन्यांचे एक पिल्लू अलास्काहून टास्मानियापर्यंत सुमारे 13,560 किलोमीटर, 11 दिवस, कुठेही न उतरता उडत गेले. अशा प्रवासासाठी कण कण करून जमवलेली ताकद आपण अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओसाठी उधळायला लावतो.

विणीच्या काळात तर याहून वाईट घडते. चिखला आणि सुरय यांचे घरटे म्हणजे वाळूतला एक उथळ खळगा. अंडी वाळूच्याच रंगाची, पायाखाली आली तरी कळत नाही. आईबाप उठून गेले की ती उन्हात तापतात, नाहीतर कुरव (सीगल) आणि कावळे पळवतात. 2021 मध्ये कॅलिफोर्नियातील बोल्सा चिका येथे एक ड्रोन सुरयांच्या वसाहतीत कोसळला, हजारो पक्षी घाबरून निघून गेले आणि किमान 1,500 अंडी तशीच टाकून दिली गेली. एका ड्रोनपायी अख्खी वसाहत उठली!

आणि सर्वांत जास्त संताप मला येतो तो स्वतःला पक्षिप्रेमी म्हणवणाऱ्या त्या छायाचित्रकारांचा, जे पक्ष्यांची नावे तोंडपाठ सांगतात, गळ्यात भली मोठी लेन्स मिरवतात आणि उडतानाचा फोटो हवा म्हणून सोबत्याला खुशाल थव्यात पिटाळतात. त्यांना अजाणतेपणाची सबबही देता येत नाही.

दुपारी ओहोटी लागल्यावर मी पुन्हा तिथे गेलो. चिखल दूरवर उघडा पडला होता, पक्ष्यांच्या खाण्याची वेळ झाली होती, आणि दोन कुत्री मोकळी सोडून त्यांचे मालक त्याच पट्ट्यात चेंडू फेकत होते.