फ्रीझच्या आदल्या रात्रीचे कमिट

आम्ही एका सॉफ्टवेअरचं मराठी भाषांतर करतो, आणि प्रत्येक रिलीजला हेच. स्ट्रिंग फ्रीझची, म्हणजे ज्यानंतर प्रोग्रॅममधली वाक्यं बदलायची नाहीत ती, तारीख काही महिने आधीपासून सगळ्यांना माहीत असते, तरी आमच्या प्रोजेक्टमध्ये आदल्या रात्री धडाधड कमिट (कोडमधले बदल) पडणारच. नवीन सेटिंगचं पान, चार नवे एरर मेसेज, आणि वर जुन्या तीसेक वाक्यांच्या शेवटी पूर्णविराम टाकलाय कोणीतरी! अरे, तो एक पूर्णविराम टाकला की मूळ वाक्य बदलतं, मग पीओ फाईल (मूळ वाक्यं आणि त्यांची भाषांतरं असलेली फाईल) अपडेट केली की आमचं अख्खं मराठी वाक्य फझी होतं, म्हणजे त्याला 'पुन्हा तपासा' अशी खूण लागते, आणि फझी वाक्य बिल्डमध्ये, म्हणजे तयार होणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, घेतलंच जात नाही, तिथे सरळ इंग्रजी दिसतं. म्हणजे काल मराठी असलेला मेनू नव्या व्हर्जनमध्ये अर्धा इंग्रजी, आणि लोक विचारतात मराठीचं काम अर्धवट का सोडलं??

ग्नोमसारख्या (लिनक्सवरचा डेस्कटॉप) प्रोजेक्टमध्ये दर सहा महिन्यांनी, मार्च आणि सप्टेंबरला रिलीज येतं, तिथे फ्रीझनंतर वाक्य बदलायचं तर भाषांतरवाल्यांची परवानगी मागावी लागते. आमच्याकडे साधं कळवतसुद्धा नाहीत. मोठ्या भाषांकडे माणसं तरी आहेत, मराठीला आम्ही दोघं-तिघं, तेही नोकरी सांभाळून रात्री बसणारे.

क्रॅश होतंय, डेटा जातोय, तर शेवटच्या दिवशी काय वाट्टेल ते मर्ज करा, एक शब्द बोलणार नाही. पण पूर्णविराम पुढच्या रिलीजला टाका ना, कोणाचं काय अडलंय त्याच्यावाचून!