स्पेनच्या राजाची धाकटी लेक ‘प्रिन्सेसा’ नाही

स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी मंडळींमध्ये राजघराण्याच्या शब्दांचा एक तक्ता सारखा फिरत असतो. राजा ‘रेय’, राणी ‘रेइना’, राजाचा मुलगा ‘प्रिन्सिपे’, मुलगी ‘प्रिन्सेसा’, राणीचा नवरा अर्थातच ‘रेय’. शिवाय ‘इन्फांता’ म्हणजे तान्हं बाळ, ‘रेयेस’ म्हणजे अनेक राजे आणि गादी सोडलेला राजा ‘रेय एमेरितो’. यातले पहिले दोन शब्द बरोबर आहेत. बाकीच्या तक्त्यावर विसंबून कुणी परीक्षेला किंवा अनुवादाला बसू नये.

सगळ्यात मोठी चूक राजाच्या मुलांची. स्पेनचे राजे फेलिपे सहावे यांना दोन मुली. थोरली लेओनोर ‘प्रिन्सेसा’, धाकटी सोफिया ‘इन्फांता’. आईबाप तेच, पदव्या वेगळ्या. स्पेनच्या राजघराण्यात राजाच्या मुलांपैकी ‘प्रिन्सिपे’ किंवा ‘प्रिन्सेसा’ हे पद फक्त वारसाचं, आणि वारस एका वेळी एकच. आपल्याकडे राजपुत्र कितीही असले तरी युवराज एकच, तसंच. कास्तिल या जुन्या स्पॅनिश राज्याच्या वारसाला ‘प्रिन्सिपे दे आस्तुरियास’ (आस्तुरियासचा युवराज) म्हणायला १३८८ मध्ये सुरुवात झाली आणि १९७८ च्या राज्यघटनेच्या ५७व्या कलमात ती पदवी आजही आहे. राजाची बाकीची मुलं ‘इन्फांते’ किंवा ‘इन्फांता’, हे १९८७ च्या शाही फर्मानात लिहिलेलं आहे. खुद्द लेओनोरही जन्मली तेव्हा इन्फांताच होती. १९ जून २०१४ ला वडील राजे झाले, त्या दिवशी ती प्रिन्सेसा झाली.

‘तान्हं बाळ’ कुठून आलं ते कळतं. शब्दाचं लॅटिन मूळ ‘अजून बोलता न येणारा’ असं आहे, आणि माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातल्या वेलास्केसच्या जगप्रसिद्ध चित्रात मधोमध उभी असलेली इन्फांता मार्गारिता खरोखरच चिमुरडी आहे. पण फेलिपेंची थोरली बहीण एलेना १९६३ ची. साठी उलटली तरी बाई इन्फांताच. दुसरी बहीण क्रिस्तिना हिची ‘पाल्माची डचेस’ ही पदवी भावाने २०१५ मध्ये काढून घेतली, तेव्हाही तिचं इन्फांतापण शाबूत राहिलं, कारण डचेसपद राजाने बहाल केलेलं होतं आणि इन्फांतापण जन्माने आलेलं. या दोघींच्या मुलांना मात्र प्रिन्सिपेही म्हणायचं नाही आणि इन्फांतेही नाही. त्यांना ‘ग्रान्दे दे एस्पान्या’चा, म्हणजे वरच्या दर्जाच्या सरदाराचा मान आहे, तेवढाच.

पोर्तुगालमध्येही हाच शब्द होता. १६६१ च्या करारानुसार जिच्या लग्नात मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली, ती ब्रागांझाची कॅथरीन पोर्तुगालची इन्फांता. उलट विलायतेच्या राजघराण्यातली शार्लट स्पॅनिश वर्तमानपत्रांत ‘प्रिन्सेसा’च असते, आणि परीकथेतली राजकन्याही. म्हणजे तक्त्यातला शब्द अगदीच टाकाऊ नाही, फक्त स्पेनच्या घरात तो सरसकट चालत नाही.

राणीचा नवरा ‘रेय’? राजाची बायको रेइना, हे खरं. पण त्याच १९८७ च्या फर्मानानुसार राज्य करणाऱ्या राणीच्या नवऱ्याला ‘प्रिन्सिपे’ हा दर्जा मिळतो. उद्या लेओनोर राणी झाली, तर तिच्या नवऱ्याला रेय म्हणता येणार नाही. तक्तेवाल्यांची बाजू घ्यायचीच तर एकोणिसाव्या शतकात जावं लागेल: स्पेनची राणी इसाबेल दुसरी हिचा नवरा फ्रान्सिस्को याला ‘रेय कोन्सोर्ते’, म्हणजे राणीचा नवरा म्हणून राजा, म्हणत. जाता जाता, इंग्लंडची दुसरी एलिझाबेथही स्पॅनिशमध्ये ‘इसाबेल सेगुंदा’च. तेव्हा कोणत्या देशाची ते लिहावं, नाहीतर एका बाईचा नवरा दुसरीला चिकटतो.

‘रेयेस’चा गोंधळ मराठी कानाला सहज होतो. आपण एकाच माणसाला आदराने ‘राजे’ म्हणतो. स्पॅनिशमध्ये ‘लोस रेयेस’ म्हणजे बहुतेक वेळा राजा आणि राणी मिळून. इतिहासातले ‘रेयेस कातोलिकोस’ (कॅथलिक राजे) हे दोन पुरुष नव्हेत, ती कास्तिलची इसाबेल आणि आरागोनचा फेर्नांदो ही जोडी. आजच्या बातमीत ‘लोस रेयेस’ आले, तर फेलिपे आणि राणी लेतिसिया आले. सहा जानेवारीला मुलांना भेटी आणणारे ‘रेयेस मागोस’ तेवढे तिन्ही पुरुष.

राहता राहिला ‘एमेरितो’. २०१४ मध्ये गादी सोडलेले फेलिपेंचे वडील हुआन कार्लोस यांच्यासाठी पत्रकार हा शब्द सर्रास वापरतात आणि बोलण्यात तो खपतो. पण त्याच वर्षीच्या शाही फर्मानात तो नाही. त्यात त्यांना राजा ही पदवी मानद म्हणून आणि ‘माखेस्ताद’ (महाराज, इंग्रजीतलं ‘मॅजेस्टी’) हे संबोधन आयुष्यभरासाठी दिलं आहे. औपचारिक मजकुरात ‘सु माखेस्ताद एल रेय दोन हुआन कार्लोस’ असंच लिहावं. (हा ‘दोन’ आकडा नव्हे, नावाआधीचं आदराचं उपपद आहे. नुसत्या आडनावाआधी ते लावत नाहीत.)