रोजच्या गोळ्यांचं काय?

‘प्रत्येकाच्या हातात विम्याचं कार्ड दिलं की उपचार परवडतील’ हे आरोग्य विम्यावरच्या एका लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. कार्ड आमच्याकडेही होतं, पण ते चालायचं फक्त रुग्णालयात दाखल झाल्यावर. वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, अधूनमधून होणाऱ्या तपासण्या, डॉक्टरांची फी, सगळं खिशातूनच. घरातली ओढाताण बघून ते गुपचूप अर्धीच गोळी घ्यायला लागले होते. आम्हाला पत्ताच नव्हता. पक्षाघाताचा झटका आल्यावर उशाखाली पुडी सापडली, उरलेल्या अर्ध्या गोळ्या कागदात नीट गुंडाळून ठेवलेल्या. रुग्णालयाचं भलंमोठं बिल विम्याने भरलं. त्याच्या छोट्याशा हिश्श्यात कित्येक वर्षांच्या गोळ्या आल्या असत्या!

उपाय नाहीत असं नाही. थायलंडने २००२ मध्ये करांच्या पैशातून योजना सुरू केली. तीत एका भेटीला ३० बाह्त भरले की बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधंही मिळू लागली. पण त्याआधी कित्येक वर्षं त्यांनी ग्रामीण भागात सरकारी रुग्णालयं उभी केली होती, आणि हे सांगायचं सगळे विसरतात. जागतिक आरोग्य संघटनेची अत्यावश्यक औषधांची यादी १९७७ पासून आहे. रक्तदाबाची जुनी, स्वस्त जेनेरिक औषधं तीत आहेत. तीच जवळच्या सरकारी दवाखान्यात फुकट आणि न चुकता मिळायला हवीत, माणूस आडवा पडायच्या आधी.