धुवायला पाणी आणायचं कुठून?
‘किनाऱ्यावरचं शेवाळ गोड्या पाण्याने तीनदा धुऊनच गांडुळांना द्या’ हा शेवाळाच्या गांडूळखतावरच्या लेखातला सल्ला वाचून हसूच आलं. मे महिन्यात आमच्या वाडीत प्यायला टँकर येतो, शेवाळ कशाने धुणार? मिठाची भीती खरी आहे, गांडूळ ओल्या कातडीतूनच श्वास घेतं. पण कोकणात पावसाळ्यात ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो, तो फुकट धुऊन देतो की! आम्ही मृगाआधी माडाच्या आळ्याजवळ शेवाळाचा ढीग करतो. माड मीठ सोसतो, जुनी माणसं तर मुद्दाम घालायची. भाताच्या तरव्याजवळ, म्हणजे रोपं वाढवतात तिथे, मात्र नको.

आणि ताजं शेवाळ गांडुळं तशीही खात नाहीत, आधी जिवाणूंनी ते कुजवून मऊ करावं लागतं. हे लेखात यायलाच हवं होतं.